वाचकांचे प्रश्न : स्किड स्टिअर लोडर शिकताना

प्रश्न : मी बरीच वर्षे ट्रॅक्टर चालवला असून आता स्किड स्टिअर लोडर (पुढच्या बकेटने माती वगैरे उचलणारे छोटे यंत्र) शिकत आहे. वळताना यंत्राला हिसके बसतात आणि रिकामी बकेट घेऊन चढावर जाताना पुढची चाके उचलली जातील अशी भीती वाटते. शिवाय सीटवर बसल्यावर चालकासमोर खाली येणारा सेफ्टी बार वर करताच आर्म (बकेट उचलणारे दांडे) आणि चाके अडतात, म्हणून त्याच्या स्विचची वायर थेट जोडून टाकावी, असे एक सहकारी सुचवतात. हे योग्य आहे का?

उत्तर : शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो जिवाशी संबंधित आहे. ती वायर कृपया जोडू नका. बहुतेक लोडरमध्ये आर्मचे सांधे चालकाच्या पाठीमागे असतात आणि आर्म केबिनच्या दोन्ही बाजूंना अगदी लागून खाली-वर होतात; चढण्या-उतरण्याची वाटही समोरून, बकेटवरून आणि आर्मच्या मधूनच असते. आर्म वर असताना चालक बाहेर वाकला आणि त्याच्या गुडघ्याचा किंवा कोपराचा धक्का लिव्हरला लागला, तर खाली येणारा आर्म आणि सांगाडा यांच्यामध्ये तो चिरडला जाऊ शकतो. हे घडू नये म्हणूनच चालक सीटवर नसताना किंवा बार वर असताना यंत्र अडते. बार खाली असतानाही ते वारंवार अडत असेल, तर स्विच किंवा वायरिंग बिघडले आहे असे समजून दुरुस्ती करून घ्यावी आणि तोवर यंत्र उभे ठेवावे. केबिनच्या बाजूच्या जाळ्या काढू नयेत. उतरण्यापूर्वी आर्म पूर्ण खाली आणून बकेट जमिनीला टेकवावी, ब्रेक लावावा, इंजिन बंद करावे आणि मगच बेल्ट सोडून बार वर करावा. देखभालीसाठी आर्म वर ठेवणे भागच असेल, तर उत्पादकाने दिलेला आधार बसवल्याशिवाय त्याखाली कोणीही जाऊ नये.

आता वळण्याविषयी. ट्रॅक्टरची पुढची चाके वळतात. येथे कोणतेच चाक वळत नाही. एका बाजूची दोन्ही चाके एकत्र फिरतात आणि दोन्ही बाजूंच्या वेगातील फरकामुळे यंत्र घसरत वळते. त्यामुळे लिव्हर झटक्याने ओढला की हिसका बसणारच. मोकळ्या, सपाट जागेवर, रिकामी बकेट खाली ठेवून, इंजिनचा वेग कमी राखून सरळ जाणे, थांबणे आणि रुंद वळणे घेणे यांचा आधी सराव करावा. जागच्या जागी गरकन फिरण्याचा मोह नवशिक्यांना फार होतो, पण त्याने टायर झिजतात, जमीन उखडते आणि मागचा भाग बाजूला उभ्या असलेल्या माणसावर जाऊ शकतो. मागचे फार कमी दिसते, म्हणून मागे घेताना प्रत्येक वेळी वळून पाहावे.

चढावरची आपली भीती रास्त आहे. रिकाम्या यंत्राचे बहुतेक वजन मागच्या चाकांवर असते, कारण इंजिन मागे असते. बकेट भरली की वजन पुढच्या चाकांकडे सरकते. जड बाजू नेहमी चढाकडे ठेवावी. याचा अर्थ, रिकामे यंत्र उलटे चढवावे आणि सरळ उतरवावे, तर भरलेले सरळ चढवून उलटे उतरवावे. उतारावर आडवे जाऊ नये व वळू नये, आणि सगळीकडेच बकेट जमिनीलगत ठेवून चालावे, कारण उंच धरलेले ओझे छोट्या खड्ड्यातही यंत्र उलटवू शकते. चाकांच्या लोडरची ठरवून दिलेली भारक्षमता ही यंत्र कलंडवणाऱ्या भाराच्या निम्मी, म्हणजे 50 टक्के असते. हे ऐकून काही जण अजून बराच वाव आहे असे समजतात. वास्तविक ती मोजणी सपाट, टणक जमिनीवरची असते, त्यामुळे उतारावर किंवा मऊ मातीत तो वाव पुष्कळ घटतो.

आर्मला पुढे लावलेली बकेट किंवा दुसरे अवजार बदलल्यावर दोन्ही बाजूंच्या लॉकिंग पिना खालच्या छिद्रांतून आरपार आल्या आहेत का, हे डोळ्यांनी पाहावे, कारण पिनांचा लिव्हर खाली गेला तरी पिन अर्धवट अडकलेली असू शकते. हायड्रॉलिक नळीची गळती मात्र हाताने कधीही चाचपू नये. बारीक छिद्रातून सुटलेले तेल कातडीत शिरते. गळती शोधण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा, आणि तेल अंगात शिरल्याची शंका जरी आली तरी जखम लहान दिसते म्हणून न थांबता तत्काळ रुग्णालयात जावे.