शाळेला सांगितलं तर पोराला काढून टाकतील का?

"मॅडम, शाळेत काही कळवू नका. काढतील की वो पोराला." खुर्चीवर टेकायच्या आधीच मुलाच्या आई बोलल्या. मुलगा सोलापुरात होटगी रोडकडच्या एका खासगी इंग्रजी शाळेत चौथीला. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, आई घरी ब्लाऊज शिवतात. फीचे हप्ते कसे जमवतात ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. मूल वाचण्या-लिहिण्यात अडतंय हे शाळेला सांगावं की झाकून ठेवावं, हा प्रश्न अशा मुलांना तपासण्याच्या माझ्या कामात सतत येतो. म्हणून ही हकिकत लिहिते आहे, आईवडिलांना विचारून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

वही उघडली. एकाच पानावर 'सोलापूर' तीनदा लिहिलेलं आणि तिन्ही वेळा वेगळं: सलोपुर, सोलपर, सोलापु. इंग्रजीत बी आणि डी एकमेकांच्या जागी. फळ्यावरून उतरवलेली ओळ मध्येच तुटलेली आणि खाली लाल शाईत 'इनकंप्लीट'. पुढच्या पानावरही तेच, त्याच्या पुढेही तेच. एके ठिकाणी खोडरबर इतका घासला होता की कागदाला भोक पडलं होतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने किती धडपड केली असेल, ते मला त्या भोकात दिसलं. "आळशी आहे, लक्ष देत नाही" हा शेरा मात्र डायरीत चार वेळा होता.

वही मिटली आणि त्याला विचारलं, "बाबांच्या कारखान्यात टॉवेल कसा होतो रे?" मान वर आली. म्हणाला, "उभे धागे दोन बीमवरून येतात. एक ताठ असतो, एक सैल. सैल धाग्याचे फुगे होतात, तेच पाणी पितात." मग मी विचारलं, एका गठ्ठ्यात पाच डझन, तर सात गठ्ठ्यांत नग किती? बोटं न मोडता उत्तर आलं, "चारशे वीस." आई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

घरून निघताना आजी म्हणाल्या होत्या, "माझा नातू काय येडा हाय का, तिथं न्यायला?" आजींना मुद्दाम बोलावून घेतलं आणि सांगितलं की अध्ययन अक्षमता म्हणजे मंदबुद्धी नव्हे. बुद्धी व्यवस्थित असते. अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालताना मेंदूला जास्त कष्ट पडतात.

सोलापुरात आणखी एक घोळ असतो. घरी मराठी, गल्लीत तेलुगू नाहीतर कन्नड, खेळताना हिंदी आणि शाळेत इंग्रजी. मग सगळं खापर इंग्रजी माध्यमावर फुटतं. मी आधी मराठी वाचून घेते. मराठी सुरळीत वाचणारं मूल फक्त इंग्रजीत अडत असेल, तर बहुतेक वेळा प्रश्न भाषेच्या सरावाचा असतो, निदानाची घाई नको. हा मुलगा दोन्हींकडे सारखाच अडत होता. आधी डोळे आणि कान तपासून घेतले, मग बुद्धिमापन, मग वाचन-लेखनाच्या चाचण्या. साधारण 8 वर्षांच्या आधी या निदानाची घाई करत नाहीत. याचं वय बरोबर होतं.

आता आईंच्या भीतीकडे येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता त्यांतला एक आहे. सरकारी अनुदान असो वा नुसती मान्यता, अशा प्रत्येक शाळेने या मुलांना भेदभाव न करता घ्यायचं, अडचण लवकर ओळखायची आणि शिकवण्यात तसे बदल करायचे, असं तो कायदा सांगतो. म्हणजे विनाअनुदानित खासगी शाळाही त्यात आली. शिवाय शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र हा शिक्षण हक्क कायदा लागू नाही. हे सगळं आईंना समजावलं, पण शाळेत पहिल्याच भेटीत कायद्याचा कागद पुढे करू नका, असंही बजावलं. भांडून मिळवलेली सवलत वर्गात पोराच्याच अंगावर येते, हे मी पाहिलं आहे.

आम्ही एका पानाचं पत्र केलं. त्यात मोजक्याच गोष्टी मागितल्या. पुढच्या बाकावर जागा. न सांगता उभं करून मोठ्याने वाचायला लावू नये. विज्ञान-परिसरच्या पेपरात स्पेलिंगचे गुण कापू नयेत. फळ्यावरचं पूर्ण उतरलं नाही तर शेजारच्या मुलाच्या वहीचा फोटो घेऊ द्यावा. आणि चाचणीत थोडा वेळ जास्त. पत्राची एक प्रत घ्या आणि त्यावर पोचेचा शिक्का घ्या, हे मी प्रत्येकाला सांगते. तोंडी कबूल केलेलं पुढच्या वर्षी नव्या बाईंपर्यंत पोचत नाही.

मुख्याध्यापक म्हणाले, "आमच्याकडे स्पेशल टीचर नाही, तुम्ही दुसरी शाळा बघितली तर मुलाचंच भलं होईल." आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सर, यातल्या एकाही गोष्टीला स्पेशल टीचर लागत नाही." मग वर्गशिक्षिका बोलल्या. त्यांची अडचण खरी होती. पन्नासच्या आसपास मुलं, एकट्या बाई. "एकाला सवलत दिली की बाकीचे विचारतात," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, चष्मा लावणाऱ्याला कुणी विचारतं का? त्या थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, "एक युनिट टेस्ट करून बघते." मुख्याध्यापकांनी नाराजीने का होईना, पत्रावर सही केली.

सगळीकडे असं होत नाही. एका कुटुंबाला शाळेने पत्रच घेतलं नाही, तेव्हा आम्ही जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज दिला. पुण्यात दिव्यांग आयुक्तांकडेही दाद मागता येते. तिथवर जायची पाळी फार थोड्यांवर येते, पण ती वाट माहीत असलेली बरी.

अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी युडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या, पोर्टलवर अर्ज करायचा असतो, हेही सांगून ठेवते. दहावीला तासामागे 20 मिनिटं जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर ते लागतं, आणि तेव्हा धावपळ केली तर उशीर झालेला असतो. आजींना 'शिक्का बसेल' ही धास्ती अजून आहे. वडील म्हणाले, "शिक्का तर डायरीत आधीच मारलाय की, आळशी म्हणून."

जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेनंतर आई पेपर घेऊन आल्या. मुलगा अजून अडखळत वाचतो, आठवड्यातून दोनदा विशेष शिक्षिकेकडे जातो आणि तो खर्च त्यांना जड जातो. परिसरच्या पेपरात पाचव्या प्रश्नाची जागा कोरीच होती. शेजारी बाईंनी पेन्सिलने लिहिलं होतं: 'तोंडी विचारलं. चारपैकी चार.'