धरणाची भिंत झिरपते, म्हणजे धोका आहे का?

प्रश्न: पुण्याला पाणी देणाऱ्या टेमघर धरणाच्या गळतीबद्दल खूप वाचले. भिंत ओली दिसली की घाबरायचे का? – एक वाचक, पुणे

उत्तर: नुसत्या ओलीला घाबरू नका. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणात झिरपा असतोच. तो किती आहे, वाढतोय का, हे पाहायचे. तो मोजण्यासाठी झिरप्याचे पाणी गॅलरीतल्या (भिंतीच्या आतल्या बोगद्यातल्या) गटारात आणून त्रिकोणी खाचेच्या पट्टीवरून सोडतात. 90 अंशांच्या खाचेत पाण्याची उंची 10 सेंटीमीटर असेल, तर प्रवाह सेकंदाला सुमारे 4.4 लिटर, 20 सेंटीमीटरला तो जवळपास 25 लिटर होतो. म्हणून खाचेतल्या उंचीतला छोटा फरकही दुर्लक्षू नये. तुलना मात्र जलाशयाची पातळी सारखी असतानाच करायची, नाहीतर आकडे फसवतात.

भिंतीवर पांढरे ओघळ दिसले तर सांध्यांतला चुना धुपतोय. इलाज म्हणजे माथ्यावरून भोके पाडून दाबाने सिमेंटचा घोळ भरणे आणि पाण्याच्या बाजूला शॉटक्रीटचा (दाबाने फवारलेल्या काँक्रीटचा) थर देणे. टेमघरला हेच काम 2017 पासून हाती घेतले. पाण्याच्या उलट, कोरड्या बाजूने केलेला गिलावा मात्र फक्त डाग लपवतो.

मातीच्या धरणाची गोष्ट वेगळी. तिथे गढूळ पाणी आले की माती वाहतेय, तातडीने कळवा. पानशेत मातीचेच होते. 12 जुलै 1961 रोजी ते फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले.

धरण सुरक्षा कायदा 2021 नुसार पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी बंधनकारक आहे.