भिंत वाढवली, कॅमेरे लावले, तरी आईची भीती वाढलीच. असं का?

तुम्ही लिहिलंय की सोसायटीने कंपाउंडची भिंत उंच केली, आठ कॅमेरे बसवले, गेटवर फोकस लावला. वर्षभरात साधी सायकलसुद्धा चोरीला गेली नाही, तरी तुमच्या आई संध्याकाळी सातनंतर खाली उतरत नाहीत. मला यात विचित्र काहीच वाटत नाही. चोर आत येऊ नये हा एक प्रश्न आणि आईंना खाली उतरावंसं वाटावं हा दुसरा. तुम्ही पहिल्यावर पैसे खर्च केले आणि दुसरा आपोआप सुटेल असं धरून चाललात.

मी बावीस वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग काढते. तुमच्यासारख्या कितीतरी भिंती माझ्याच हातच्या आहेत, म्हणून थोडं अपराधी वाटूनच लिहितेय.

आपल्या बांधकाम नियमावलीत कंपाउंड वॉलची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्याच्या पातळीपासून दीड मीटरपर्यंत चालते. २.४ मीटरपर्यंत न्यायची असेल तर वरचा ०.९ मीटर भाग उघडा, म्हणजे जाळीचा किंवा गजांचा ठेवावा लागतो. मी हे वर्षानुवर्षं नुसतं आकडा म्हणून काढत आले. नकाशा मंजूर झाला, लोक राहायला आले की महिन्याभरात त्या जाळीला हिरवी शेडनेट लागते, नाहीतर फायबरचे पत्रे. प्रायव्हसी! झालं, आता आतल्याला रस्ता दिसत नाही आणि रस्त्यावरून चालणाऱ्याला आत कोणी आहे की नाही ते कळत नाही. तुमच्या आई गेटबाहेर पाऊल टाकतात तेव्हा त्यांच्यासाठी ती आठ फुटी भिंत संरक्षणाची उरत नाही. हाक मारली तर ऐकणारं कोणी नाही, एवढंच ती सांगते.

माझं स्वतःचंच सांगते. आमची गल्ली पौड रोडच्या आत, आनंदनगर मेट्रो स्टेशनपासून चालत सात मिनिटं. पहिली चार मिनिटं कशी जातात ते लक्षातही येत नाही: मेडिकल, वडापावची गाडी, डेअरी, पोळी-भाजी केंद्र. मग वळण येतं आणि पुढची तीन मिनिटं दोन्ही बाजूंना भिंती. त्या वळणावर पूर्वी इस्त्रीवाल्याची गाडी असायची. कोळशाची इस्त्री, डोक्यावर एकच पिवळा बल्ब (वायर कुठून ओढली होती ते विचारू नका). रात्री साडेनऊला मी वळले की मान वर न करता तो म्हणायचा, "ताई, आज उशीर?" एवढंच. पण त्याने मला ओळखलंय, याचा अर्थ गल्लीत कोण आलं-गेलं त्याला माहीत आहे, हे मला कळायचं.

गाडीमुळे रस्ता अडतो आणि सोसायटीची शोभा जाते, असं ठरवून त्याला उठवलं. पुढे त्याच गल्लीत सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले. उजेड पूर्वीच्या दुप्पट. आणि त्याच लख्ख उजेडात मी पहिल्यांदा घराची किल्ली आधीच काढून मुठीत धरून चालायला लागले. आधी तिथे काही घडलं नव्हतं, नंतरही घडलेलं नाही.

१९६१ म्हटलं की आपल्याला पानशेत आठवतं. त्याच वर्षी अमेरिकेत शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी मांडलं होतं की रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः दुकानदार, खिडकीतली माणसं आणि येणारे-जाणारे यांच्या सहज पडणाऱ्या नजरेमुळे, पोलिसाचा नंबर नंतर लागतो. सदाशिव पेठेतल्या माझ्या आजोळच्या वाड्याला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. दिंडी दरवाजातून आत शिरलं की बोळात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही, पण ओट्यावर कोणीतरी सुपारी कातरत बसलेलं असायचंच. आता तिथे पाच मजली इमारत आहे. तळमजला सगळा पार्किंगचा आणि माणसाची पहिली खिडकी डोक्यावर बारा फूट. गल्लीतल्या एकामागून एक वाड्यांचं असं झालं की चालणाऱ्याच्या उंचीवर फक्त गाड्या उरतात. अर्थात वाड्याचे गोडवे मी गाणार नाही. तेच डोळे मुलगी कोणाच्या स्कूटरवरून उतरली याचीही नोंद ठेवायचे, आणि माझ्या मावशीला त्या नजरांचाच जास्त धाक होता.

उजेडाबद्दल लोक हमखास विचारतात. न्यूयॉर्कमध्ये २०१६ मध्ये सरकारी वसाहतींत चिठ्ठ्या टाकून ठरवावं तसे काही ठिकाणी प्रखर दिव्यांचे मनोरे उभे केले, तेव्हा तिथले रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे साधारण ३६ टक्क्यांनी घटले. उलट इंग्लंड-वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांची आकडेवारी २०१५ मध्ये तपासली, तर खर्च वाचवायला दिवे मंद किंवा बंद केल्याने गुन्हे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे दिवा चांगलाच, पण कुठे, कसा आणि खाली माणूस आहे का, यावर सगळं. आमच्या गल्लीतला एक खांब थेट रेन ट्रीच्या फांद्यांत घुसलाय. झाडाचा माथा झगमगतो आणि फुटपाथवर अंधाराचं काळं डबकं. झगझगीत उजेडातून काळोखात पाय टाकताना डोळ्यांना काहीच दिसत नाही. सगळीकडे सारखा मंद उजेड असता तर परवडलं असतं.

मला सगळ्यात पटलेला प्रयोग फिलाडेल्फियातला आहे, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. ओसाड पडलेले ५४१ प्लॉट घेतले. काही साफ करून तिथे गवत, थोडी झाडं आणि कमरेइतकं लाकडी कुंपण केलं, काहींना हात लावला नाही. कॅमेरा नाही, पहारेकरी नाही. साफ केलेल्या जागांच्या आसपास राहणाऱ्यांमध्ये, घराबाहेर पडताना असुरक्षित वाटतं असं सांगण्याचं प्रमाण जवळपास ५८ टक्क्यांनी खाली आलं. कुंपण कमरेइतकं होतं, हे तुमच्या कमिटीला जरूर वाचून दाखवा.

कॅमेऱ्यांवर माझा राग नाही. घडून गेल्यावर पोलिसांना त्यांचा उपयोग होतो. पण चालणाऱ्या बाईला ठाऊक असतं की कॅमेरा धावत येणार नाही. आणि त्याच्याखाली तुम्ही जी पाटी लावली असेल, "अनोळखी व्यक्तींपासून सावध राहा", ती आई रोज वाचतात. पुणेरी पाट्यांनी अपमान होतो, भीती वाटत नाही. ही पाटी मात्र दिवसातून दोनदा बजावते की इथे काहीतरी होऊ शकतं. ती आजच काढा, फुकटचं काम आहे.

सगळं विटा-सिमेंटवर ढकलता येत नाही, हेही खरं. २५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे स्वारगेट एसटी स्थानकात उभ्या असलेल्या बसमध्ये तरुणीवर बलात्कार झाला, त्यानंतर आमच्या ऑफिसातल्या मुली आठवडाभर जोडीजोडीने निघत होत्या. आमच्या रस्त्यावरची एक वीटही हलली नव्हती. पण तीही घटना कुठे घडली बघा. गजबजलेलं स्थानक, आणि त्याच्या पोटात एक बंद, अंधारी बस, जिच्या आत बाहेरच्याला काही दिसत नव्हतं.

तुम्ही काय करायचं? रात्री साडेनऊला आईंना सोबत घेऊन गेटपासून कोपऱ्यापर्यंत जा आणि त्यांना विचारा, पाऊल कुठे जड होतं. तुमच्या नव्हे, त्यांच्या पायाचं ऐका. पंधरा पावलांवरच्या माणसाचा चेहरा ओळखू येत नसेल तिथे दिवा हवा, किंवा फांदी छाटायला हवी. फांदीसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, वॉचमनला कुऱ्हाड देऊन मोकळे होऊ नका. वॉचमनची केबिन आत तोंड करून असेल तर रस्त्याकडे फिरवा. गेटजवळची शेडनेट काढून आत एक बाक टाका. आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना कमिटीने उठवायचं ठरवलं असेल तर आडवे पडा.

आमच्याकडे मी इस्त्रीवाल्याला परत आणायचा विषय काढला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "मग उद्या पानटपरीही आणा." तो आता पेट्रोल पंपामागे बसतो, माझे कपडे तिथेच जातात. शेडनेट काढायचा विषय मात्र या रविवारच्या मीटिंगमध्ये तिसऱ्या क्रमांकावर आहे. पहिला पाण्याच्या टँकरचा आणि दुसरा पार्किंगचा आहे, त्यामुळे आमचा नंबर लागेलच असं नाही.