चार सायकली, एक मिनीव्हॅन आणि गेटवरची पाटी

प्रश्न : दादा नमस्कार. आम्ही चार मित्र, मास्टर्स मे महिन्यात संपतंय, नोकऱ्या जुलैत चालू होणार. मधल्या वेळात न्यू जर्सी ते कॅलिफोर्निया गाडीने जायचं, बीएमएक्स (उड्या-कसरतींच्या छोट्या सायकली) सोबत घ्यायच्या आणि वाटेतले सगळे भारी स्केटपार्क (उतार-रॅम्पवाली मैदानं) मारायचे असा प्लॅन आहे. लिस्ट अशी : फिलीचा (फिलाडेल्फिया) एफडीआर, वुडवर्ड, क्लीव्हलंडचं रेज, लुईव्हिल, डे मॉइन्स, डेन्व्हर, ऑस्टिन आणि शेवट व्हेनिस बीच. बारा दिवस हातात आहेत. बसेल का?
— चौघं, जर्सी सिटी

लिस्ट व्हिडिओ बघून बनवलीय हे लगेच कळतंय, त्यात वाईट काही नाही, सगळे तसंच करतात. पण गाडी किती मैल जाईल याच्या आधी दोन गोष्टी बघायच्या असतात, पहिली म्हणजे तिथे सायकल आत घेतात का आणि दुसरी म्हणजे तुम्ही जाताय त्या महिन्यात ते उघडं असतं का. स्केटपार्क म्हणजे बीएमएक्सला मोकळं रान असं अजिबात नाही. बरेचसे पार्क स्केटबोर्डवाल्यांसाठीच बांधलेत, गेटवर ‘नो बाइक्स’ची पाटी असते नाहीतर सायकलवाल्यांना आठवड्यातले ठराविक तास दिलेले असतात. व्हेनिस बीचचा पार्क २००९ साली झाला, समुद्राच्या वाळूतच आहे, दिसायला एक नंबर, पण सायकल आत नेता येत नाही. म्हणजे तुम्ही अख्खा देश ओलांडून जाणार आणि शेवटच्या दिवशी कठड्याला टेकून दुसऱ्यांचं स्केटिंग बघणार. फोटो काढा आणि पुढे व्हा.

रेज हे जुन्या कारखान्यात केलेलं इनडोअर पार्क आहे, २००४ पासून चालू आहे आणि खास सायकलींसाठीच आहे, पण ते थंडीतलं प्रकरण, उन्हाळ्यात बंद असतं, त्यामुळे जूनमध्ये क्लीव्हलंड लिस्टमधून आपोआप गेलं. वुडवर्ड पेनसिल्व्हेनियात आय-८० हायवेच्या जवळ आहे, १९७० मध्ये जिम्नॅस्टिक्सचा कॅम्प म्हणून चालू झालं आणि ऐंशीच्या दशकात बीएमएक्स आलं, आज जे पोरं ऑलिंपिकला दिसतात त्यातली कितीतरी तिथल्या फोम पिटमध्ये, म्हणजे फोमच्या तुकड्यांनी भरलेल्या खड्ड्यात, पडून पडून शिकलीत. पण उन्हाळ्यात तिथे मुलांचे आठवड्याचे कॅम्प चालतात, मोठ्यांसाठी वेगळे दिवस असतात, त्यामुळे आधी त्यांचं कॅलेंडर बघा, पार्किंगमध्ये गाडी लावून सरळ आत शिरता येत नाही.

आता उरलेल्यांचं बघू. डे मॉइन्स आणि डेन्व्हर वरच्या वाटेवर आहेत, लुईव्हिल आणि ऑस्टिन खालच्या. दोन्ही करायला गेलात तर बारा दिवसातले आठ दिवस गाडीतच जातील आणि चौघांत भांडणं होतील ती वेगळी. वरची वाट धरली तर डे मॉइन्सचा लॉरिड्सन पार्क आहे, २०२१ मध्ये उघडलेला, ८८,००० चौरस फूट, अमेरिकेतला सगळ्यात मोठा खुला स्केटपार्क म्हणतात तो हाच. मी मात्र खालचीच वाट सांगेन, कारण ती बीएमएक्सवाल्यांची वाट आहे.

सुरुवात फिलीपासून. एफडीआर हा आय-९५ च्या पुलाखाली नव्वदच्या दशकात स्केटर पोरांनी स्वतः काँक्रीट कालवून उभा केलेला पार्क आहे. खडबडीत आहे, उभा आहे, नवख्याला घाबरवतो. डोक्यावर हायवे असल्यामुळे पाऊस आला तरी बराचसा भाग कोरडा असतो. पण तो ज्यांनी बांधला त्यांचा आहे हे लक्षात ठेवा, पहिला अर्धा तास कडेला उभं राहून नुसतं बघा, कोण कुठून कुठे जातंय ते.

तिथून लुईव्हिल, पावणेसातशे मैल, एका दमात करू नका. २००२ सालचा पार्क आहे, काँक्रीटचा, २४ फुटी फुल पाइप आहे, म्हणजे आत उभं राहिलं की चारी बाजूंनी गोल भिंत. सायकली चालतात. इथे दोन दिवस ठेवा. पहिल्या दिवशी फुल पाइपमध्ये नुसतं वर-खाली पंप करण्यातच, म्हणजे पायडल न मारता अंगाच्या झोक्याने वेग घेण्यातच, सगळा वेळ जातो, खरी मजा दुसऱ्या दिवशी येते, जेव्हा वेग कुठे पकडायचा ते पायांना कळलेलं असतं. बहुतेक ट्रिप इथेच फसतात बघा, रोज नवा पार्क, रोज पहिला दिवस, आणि घरी आल्यावर नीट आठवत एकही नाही.

मग सेंट लुईवरून आय-४४ ने ओक्लाहोमा सिटी, ७७० मैलांच्या आसपास, ओक्लाहोमात हा रस्ता टोलचा आहे, रोख घेत नाहीत, नंबर प्लेटचा फोटो काढून बिल पाठवतात आणि भाड्याची गाडी असेल तर कंपनी त्यावर आपला चार्ज लावते, तेव्हा टोलचं आधीच विचारून ठेवा. ओक्लाहोमा सिटी म्हणजे मॅट हॉफमनचं गाव. पालिकेच्या पार्कला त्याचंच नाव दिलंय. हा माणूस २००१ मध्ये २४ फुटी क्वार्टर पाइपवरून (वर उभा होत जाणारा वळणदार रॅम्प) अजून साडेसव्वीस फूट वर गेला, म्हणजे जमिनीपासून पन्नास फुटांच्या वर, वीस इंची चाकाच्या सायकलवर. पायडल मारून एवढा वेग येत नाही म्हणून मोटरसायकलने ओढून घेतलं होतं. जूनमध्ये तिथे वादळं असतात, फोनवरचे वेदर अलर्ट बंद करून ठेवू नका, सायरन वाजला की पार्क सोडा.

ओक्लाहोमा सिटीवरून आय-३५ ने ३९० मैलांवर ऑस्टिन. कितीतरी प्रो रायडर दुसरीकडून येऊन इथे राहिलेत, का ते दोन दिवसात कळतं. डाउनटाउनजवळ हाउस पार्क आहे, सायकली चालतात, आणि तिथून जवळच नाइन्थ स्ट्रीटचे मातीचे जंप आहेत, नव्वदच्या दशकापासून स्थानिक पोरंच ते बांधतात आणि सांभाळतात. दिवसा ऊन मरणाचं असतं, सकाळी लवकर नाहीतर सूर्य कलल्यावर चालवा, दुपारी पोहायला परवानगी असेल तिथे डुंबा.

ऑस्टिनवरून लॉस एंजेलिस आय-१० ने जवळजवळ १,४०० मैल आणि त्यातला निम्म्याच्या जवळ टेक्सासच आहे, संपतच नाही. या पट्ट्यात बॉर्डर पेट्रोलचे चेकपॉइंट लागतात. तुम्ही एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर असाल तर पासपोर्ट, आय-९४ आणि आय-२० बॅगेत तळाशी टाकू नका, हाताशी ठेवा. ओरिजिनल, फोनमधला फोटो नाही.

शेवट व्हेनिसच्या ऐवजी तेहाचापीला करा, लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, वुडवर्डचंच पश्चिमेकडचं कॅम्पस तिथे आहे, त्याचंही कॅलेंडर बघूनच. आणि एलएमध्ये राहायचंच असेल तर पालिकेच्या प्रत्येक पार्कचा नियम वेगळा आहे, फोन करून विचारा. लाँग बीचला नुसती चक्कर टाकलीत तरी चालेल, १९७० च्या नोव्हेंबरमध्ये स्कॉट ब्राइथॉप्ट नावाच्या १३ वर्षांच्या पोराने तिथे एका मोकळ्या मैदानात सायकलींची रेस भरवली होती, या खेळाची सुरुवात अशाच उद्योगांतून झाली.

सगळं मिळून सव्वातीन-साडेतीन हजार मैल, नुसतं गाडी चालवायलाच पन्नासेक तास. बारा दिवसात बसतं, पण पाच जागांच्या वर एकही नाही.

प्रश्न : चार सायकली आणि चार माणसं, भाड्याची एसयूव्ही घेऊन मागे रॅक लावला तर?
— तेच चौघं

बहुतेक भाड्याच्या करारांत बाहेरून रॅक लावायला मनाई असते, ओरखडा पडला तर बिल तुमच्या नावावर. रॅक लागतच नाही पण. मिनीव्हॅन घ्या, तिसरी रांग खाली घाला, चौघं पुढच्या दोन रांगांत. बीएमएक्सचं पुढचं चाक काढलं, हँडल फिरवलं, पायडल काढले की ती केवढीशी होते, मध्ये जुनी चादर घालून चारही आडव्या बसतात. शिवाय रात्री मॉटेलबाहेर सायकली गाडीवर लटकलेल्या दिसत नाहीत, हा मोठा फायदा. तरी रात्री खोलीतच न्या.

पंचविशीच्या आतला ड्रायव्हर असेल तर रोजचा जादा आकार, दुसरा ड्रायव्हर लावला की त्याचा वेगळा, आणि गाडी एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडायची म्हणजे त्याचे पैसे, कधीकधी हेच भाड्यापेक्षा जास्त निघतात. सगळं मिळून आकडा काढा मगच बुक करा. कच्च्या रस्त्यावर न्यायलाही बऱ्याच करारांत बंदी असते, मातीचे ट्रेल्स शोधत जंगलात घुसणाऱ्यांनी ते कलम वाचावं.

सामानात ट्यूबा भरपूर, चेन तोडायचं टूल, जादा कड्या, अ‍ॅलन की, आणि तुमच्या चाकांच्या नटांना बसणारे पाने, दोन्ही चाकांचे, कारण पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलची जाडी बऱ्याचदा वेगळी असते आणि हे नेमकं रस्त्यात कळतं. पेग (चाकाच्या नटाला लावायच्या नळ्या) लोखंडी असतील तर प्लॅस्टिकचे घाला, बऱ्याच पार्कांत लोखंडी चालत नाहीत. परतीच्या विमानात सायकल खोलून बॅगेत घातली की बहुतेक करून २३ किलोत बसते, पण मापाचे नियम एअरलाइनचे वेगवेगळे, ते बघा.

प्रश्न : माझा मुलगा तिकडे मित्रांसोबत सायकली घेऊन हजारो मैल फिरणार म्हणतोय. तो म्हणतो इन्शुरन्स आहे, काळजी करू नकोस. पडला तर काय? त्याला काय विचारू म्हणजे तो टाळणार नाही?
— एक आई, सांगली

काकू, पडणार तर तो आहेच, या खेळात पडणं रोजचं आहे, मनगट आणि गळ्याचं हाड हे नेहमीचे यशस्वी. तेव्हा ‘इन्शुरन्स आहे का’ असं नका विचारू, त्यावर तो हो म्हणून मोकळा होईल. ‘दुसऱ्या राज्यात चालतो का, आणि डिडक्टिबल किती’, म्हणजे विमा कंपनी द्यायला लागायच्या आधी खिशातून किती भरायचे, हे विचारा. विद्यार्थ्यांच्या काही प्लॅनमध्ये युनिव्हर्सिटीच्या आसपासचीच हॉस्पिटलं धरलेली असतात. एक बरं आहे, २०२२ पासून तिथे कायदा आलाय की इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलात नेलं तरी तिथल्या विमाधारकाला नेटवर्कमधल्या दरानेच पैसे भरावे लागतात. पण रस्त्यावरची अ‍ॅम्ब्युलन्स त्या कायद्यात नाही, तिचं बिल डोळे पांढरे करतं. म्हणून नुसतं मनगट दुखावलं असेल तर मित्राने गाडीतून न्यावं, आणि डोकं, मान, पाठ असेल तर बिलाचा विचार न करता ९११. हे चौघांनी निघायच्या आधी बोलून ठेवलंय का, हा दुसरा प्रश्न विचारा. पॉलिसी टुरिस्टची किंवा ट्रॅव्हलची असेल तर ‘साहसी खेळ वगळून’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते पान त्याला फोटो काढून पाठवायला सांगा.

आणि जमलं तर भडंग पाठवा, ओक्लाहोमात रात्री अकराला शाकाहारी काही मिळत नाही.

प्रश्न : काँक्रीट पार्कात मोठे रायडर हेल्मेट घालताना दिसत नाहीत. आम्ही घातलं तर नवखे वाटू ना?
— नाव नको, एडिसन

वाटा. डेव्ह मिरा, ज्याच्यामुळे नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलला बीएमएक्सवाल्यांचं गाव म्हणायला लागले, तो २०१६ मध्ये गेला आणि नंतर तपासणीत त्याच्या मेंदूत सीटीई सापडलं, डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसून होणारा आजार. हेल्मेटने सगळंच थांबतं असं नाही, म्हणून नियम असा करा की डोकं आपटलं की त्या दिवशी सायकल बंद, कितीही बरं वाटलं तरी, आणि ते हेल्मेटही बाद. कॅलिफोर्नियात तर हेल्मेट, कोपर आणि गुडघ्याचे पॅड घालायची सक्तीच पाटीवर लिहिलेली असते.

प्रश्न : मी डॅलसला असते, वय २६, नुकतीच बीएमएक्स शिकतेय. मैत्रिणीसोबत छोटी ट्रिप करायचीय. पार्कात गेलं की सगळी मुलं बघत असतात, मग मी कोपऱ्यातच फिरत राहते. उपाय?
— आर., डॅलस

तुझं गाव मोक्याचं आहे, ओक्लाहोमा सिटी आणि ऑस्टिन दोन्ही दोनशे मैलांच्या आसपास, लाँग वीकेंडला एकेक होतं. अजून थोडं वर तल्सा आहे, तिथे यूएसए बीएमएक्स या संघटनेचं मुख्यालय आणि रेसिंगचं स्टेडियम, रेस कशी असते ते एकदा बघून ये.

बघतात त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की तू कुठे वळणार ते त्यांना कळत नसतं. कोपऱ्यात गोल गोल फिरणारा माणूसच सगळ्यांच्या आडवा येतो. एक छोटी लाइन पकड, इथून निघायचं, त्या बँकवर (तिरक्या उतारावर) चढायचं, इकडे परत यायचं, आणि तीच करत रहा. आपली पाळी आली की निघायचं, दुसऱ्याची मारायची नाही, याला तिकडे स्नेक करणं म्हणतात आणि त्याचा राग येतो. कोपिंगवर, म्हणजे रॅम्पच्या वरच्या काठावर, बसायचं नाही, पाणी प्यायला बाजूला जायचं. सकाळी जा, गर्दी कमी असते, फक्त स्कूटरवाली लहान पोरं कुठूनही येतात, त्यांना सांभाळ.

आणि टोकियो ऑलिंपिकची बीएमएक्स फ्रीस्टाइलची फायनल बघ, २०२१ मध्ये झालेली. शार्लट वर्दिंग्टन पहिल्या रनमध्ये ३६० बॅकफ्लिप मारताना पडली, सगळ्या जगासमोर. दुसऱ्या रनमध्ये तीच ट्रिक परत मारली आणि सोनं घेऊन गेली.

प्रश्न : पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमच्या जंगलातल्या ट्रेल्सचं (मातीच्या जंपचं) लोकेशन पाठवाल का?
— पी., अ‍ॅलनटाउन

नाही. तिथला नियम ‘नो डिग, नो राइड’, आधी खणा मग चालवा. ते जंप पोरांनी वर्षानुवर्षं हाताने, फावड्याने बांधलेत. जवळच्या बीएमएक्सच्या दुकानात जा, ओळख करून घे, थंडी संपल्यावर काम कधी आहे विचार आणि चार-सहा वेळा माती ओढून ये, मग तेच घेऊन जातील. पाऊस पडून गेल्यावर माती ओली असताना चाक घातलंस तर मात्र परत बोलावणार नाहीत.