रक्तात लोह असताना चुंबकीय तपासणी कशी होते?

प्रश्न : मी गगनबावडा तालुक्यातील एका आरोग्य उपकेंद्रात काम करते. पावसाळ्यात रस्त्यावर पुराचे पाणी आले की रक्ताचे नमुने कोल्हापूरला वेळेवर पोहोचत नाहीत. हातात मावणाऱ्या चुंबकीय जैवसंवेदकांविषयी, म्हणजे चुंबकत्वाच्या साहाय्याने रक्तातील विशिष्ट प्रथिने ओळखणाऱ्या उपकरणांविषयी, वाचनात आले. परंतु रक्तात लोह असतेच, मग अशा तपासणीत त्याचा अडथळा होत नाही का?

उत्तर : आपली शंका थेट या तंत्राच्या मुळाशी जाणारी आहे. खिळ्यातील लोहाचे अणू एकमेकांच्या साथीने चुंबकत्व धरतात. रक्तातील हिमोग्लोबिन या प्रथिनातले लोहाचे अणू मात्र त्यात एकमेकांपासून दूर अडकलेले असल्याने त्यांना तसे करता येत नाही. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल या रसायनशास्त्रज्ञांनी १९३६ मध्येच दाखवले होते, की प्राणवायू धरलेले हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर सारले जाते आणि प्राणवायू सोडलेले किंचित ओढले जाते. हे दोन्ही परिणाम अत्यंत क्षीण असतात. म्हणूनच रक्ताचा लाल रंग प्रकाशावर आधारलेल्या तपासणीत अडचण करतो, तर चुंबकीय संवेदकाच्या दृष्टीने तेच रक्त जवळजवळ कोरे असते, आणि माझ्या मते या तंत्राचे खरे बळ यातच आहे.

तपासणीसाठी चुंबकत्व बाहेरून आणले जाते. संवेदकाच्या पृष्ठभागावर बसवलेली प्रतिपिंडे (ठरावीक रेणूलाच चिकटणारी प्रथिने) हव्या त्या प्रथिनाला, उदाहरणार्थ हृदयविकाराच्या झटक्यात रक्तात उतरणाऱ्या ट्रोपोनिनला, धरून ठेवतात. त्याच प्रथिनाला दुसरे प्रतिपिंड चिकटते आणि त्याच्यासोबत लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण येतात. बाहेरील चुंबकीय क्षेत्र असेपर्यंतच हे कण चुंबकत्व दाखवतात, त्यामुळे एरवी त्यांच्या गुठळ्या होत नाहीत. कणाचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते, म्हणजे अंतर दुप्पट झाले की ते आठपट क्षीण होते. त्यामुळे द्रवात सुटे फिरणारे कण फारसे जाणवत नाहीत आणि काही रचनांमध्ये नमुना धुण्याची पायरीही टाळता येते. हे क्षेत्र टिपणाऱ्या अनेक संवेदकांत धातूंचे अतिशय पातळ थर असतात व क्षेत्र बदलताच त्यांचा विद्युतरोध बदलतो. हा परिणाम १९८८ मध्ये आल्बेर फेर आणि पेटर ग्र्युनबर्ग यांनी स्वतंत्रपणे शोधला, त्यासाठी त्यांना २००७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये तो फार पूर्वीच वापरात आला. मोजणी विद्युत संकेतातूनच होत असल्याने उपकरण लहान करणे सोपे जाते.

उपकरण लहान असले तरी प्रतिपिंडे नाजूकच राहतात. त्यामुळे असे यंत्र उपकेंद्रात आणण्यापूर्वी त्याच्या प्रतिपिंडे लावलेल्या तपासणीच्या पट्ट्या किती तापमानात टिकतात, वीज गेल्यावर त्यांचे काय होते आणि त्याचे निष्कर्ष प्रयोगशाळेशी पडताळलेले आहेत का, हे आपण आवर्जून विचारावे. तसेच झटक्यानंतर ट्रोपोनिन वाढायला काही तास लागतात. म्हणून पहिली तपासणी सामान्य आली तरी छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी आणि त्याला पुढे पाठवण्याची तयारी थांबवू नये.