पेन्शनची तूट भरून काढावी का?

प्रश्न : मी केंद्र सरकारी कर्मचारी. एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) सोडून यूपीएस (एकीकृत पेन्शन योजना) घेतली. २२ वर्षे सेवा होऊन निवृत्त होईन. मध्यंतरी मुलीच्या लग्नासाठी खात्यातून पैसे काढले होते. त्याचा फटका बसेल का?

बसेल, आणि जन्मभर. पेन्शनचा हिशेब असा : शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाचा निम्मा भाग, गुणिले सेवेचे महिने भागिले ३०० (म्हणजे २५ वर्षे), गुणिले खात्यात साठलेला तुमचा निधी भागिले बेंचमार्क निधी. एकही हप्ता न चुकता, काहीही न काढता, सरकारने ठरवलेल्या गुंतवणुकीत जेवढा साठला असता तो बेंचमार्क.

सरासरी मूळ वेतन ८०,००० धरा. ४०,००० गुणिले २६४ भागिले ३००, म्हणजे ३५,२००. पण बेंचमार्क ५० लाख आणि तुमच्याकडे ४५ लाखच असतील, तर हातात ३१,६८०. ती ५ लाखांची तूट निवृत्तीआधी भरली की महिन्याला ३,५२० वाढतात. वर्षाला ४२,२४०, शिवाय त्यावर महागाई वाढ. मुद्दल परत मिळत नाही, तुमच्यामागे जोडीदाराला ६० टक्के मिळतात. तरीही प्रकृती धडधाकट असेल तर मुदत ठेव मोडून भरावी असा हा सौदा आहे.

भरण्याआधी खात्याचा उतारा महिन्यागणिक तपासा. बदलीच्या वेळी एखादा हप्ता जमाच झालेला नसतो. ती चूक कार्यालयाकडून दुरुस्त करून घ्यायची, स्वतःच्या खिशातून नाही.

प्रश्न : मग पैसे भरून २५ वर्षांना कमी पडणारी तीन वर्षेही मिळतील?

नाही. सेवेच्या २६४ महिन्यांचे ३०० होत नाहीत.

प्रश्न : यूपीएस घेतल्याचा पस्तावा होतोय. परत एनपीएसमध्ये जाता येईल?

एकदाच. निवृत्तीच्या किमान एक वर्ष आधी, स्वेच्छानिवृत्ती घ्यायची असल्यास तीन महिने आधी. यूपीएसमध्ये २५ वर्षांनंतर स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पेन्शन लगेच सुरू होत नाही, नियत वयाला होते. बावन्नाव्या वर्षी बाहेर पडणाऱ्याने साठीपर्यंतचा खर्च आधी मांडावा.

प्रश्न : २००१ मध्ये केंद्रात लागलो, २००६ मध्ये राजीनामा देऊन दुसऱ्या केंद्रीय खात्यात गेलो. जुनी पेन्शन (२००४ आधी लागलेल्यांची, एनपीएसपूर्वीची) गेली का?

राजीनामा कसला होता त्यावर आहे. अर्ज रीतसर कार्यालयामार्फत गेला असेल आणि नव्या नेमणुकीसाठी परवानगीने दिलेला तो तांत्रिक राजीनामा असेल, तर आधीची सेवा धरली जाते व जुनी पेन्शन राहते. ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहून दिलेल्या राजीनाम्याने मागची सेवा बुडते. कार्यमुक्तीच्या आदेशाची प्रत काढा आणि सेवापुस्तकात तशी नोंद आहे का ते पाहा. नसेल तर आत्ताच करून घ्या; निवृत्तीच्या महिन्यात जुन्या कार्यालयात ती फाइल सापडणे कठीण.