पेलेट कुठले घ्यायचे?

दहा मीटर एअर रायफल सुरू केलीस, फार बरं वाटलं. पण रायफलीवर एवढा खर्च करून पेलेटच्या, म्हणजे तिच्यात भरायच्या शिशाच्या छोट्या गोळ्यांच्या, बाबतीत ‘कुठलेही चालतील’ असं करू नकोस. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त 0.5 मिलिमीटरचा असतो, आणि 10.5 व 10.4 गुणांमधलं अंतर पाव मिलिमीटर. तेवढी चूक नुसता पेलेटही करू शकतो.

मॅच पेलेटच्या (स्पर्धेसाठीच्या पेलेटच्या) डबीवर पेलेटच्या डोक्याचं माप मिलिमीटरमध्ये असतं: 4.49, 4.50, 4.51 वगैरे. यातलं चांगलं कुठलं, हे दुसऱ्याला विचारून उपयोग नाही. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींनाही वेगवेगळी मापं मानवतात. प्रत्येकाची एकेक डबी घे, रायफल शिकंज्यात पक्की बांध आणि प्रत्येक मापाचे दहा-दहा शॉट मार. माप बदललं की पहिले काही शॉट मोजू नकोस. शिकंजा नसेल तर टेकू देऊन मार, पण मग एकदाच्या निकालावर विसंबू नकोस. दुसऱ्या दिवशी पुन्हा करून बघ. ज्याच्या दहा शॉटचं मिळून पडलेलं भोक सर्वांत लहान आणि गोल, ते तुझं माप. त्याच लॉटच्या डब्या हंगामभर पुरतील इतक्या घेऊन ठेव.

शिसं मऊ असतं. डबी बॅगेत आदळली की पेलेटची मागची पातळ कड चेपते, म्हणून भरण्याआधी ती कड उजेडात बघ आणि चेपलेला पेलेट सरळ बाजूला टाक.

हाताला शिसं लागतं, म्हणून रेंजवरून निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. आणि पेलेट एकेक तोलत बसणं सध्या राहू दे, तो वेळ पोझिशनला, म्हणजे नेम धरून उभं राहण्याच्या ढबीला, दे.